तासाला अर्धा कप पाणी

चादर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चादरीची घडी. सोमवार होता, दुपारचे चार वाजले असतील. तारेवरची चादर वाळली होती. घडी घालायला दोन माणसं लागतात, म्हणून तिनं मला हाक मारली.

"अवो, इकडे या. दोन टोकं धरा."

मी धरली. तिच्या डाव्या हातात डायलिसिसच्या मशीनसाठी नस जोडलेली होती. त्या हातावर जोर द्यायचा नाही, म्हणून ती उजव्यानं ओढायची आणि डाव्यानं टोक नुसतं धरायची. माझ्या बाजूनं चादर वाकडी झाली.

"एवढे वर्षं सरकारचा रस्ता सरळ ठेवला तुमी, अन् एक चादर सरळ धरता येत नाही."

"रस्ता वाऱ्यानं उडत नाही," मी म्हणालो.

ती हसली. घडी झाली. तिनं ती पेटीवर ठेवली आणि पाच वाजायला किती वेळ आहे ते विचारलं. पाच वाजता तिचा पाण्याचा कप होता.

मंगळवारी ती गेली.

मी श्रावण. चौथी शिकलो. चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैलकुली होतो. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची देखभाल करणारा सरकारी मजूर. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, किलोमीटरच्या दगडाला रंग द्यायचा. बायको सुमन. मुलगी माया, चिखलीच्या शाळेत पोरांना खेळ शिकवते. हे मी वहीत लिहिलं आणि मायानं तपासलं. माझ्या 'मले'चं 'मला' तिनं केलं. बोललेलं मात्र जसं बोललो तसंच ठेव म्हणालो.

लिहायचं कारण एकच. ज्यांच्या घरी किडनीचं माणूस आहे आणि जे त्याला मशीनवर नेतात, त्यांच्या हातून माझ्यासारखं होऊ नये. माझ्या हातून नेमकं काय झालं हे मला अजून नीट कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहितो.

पाय सुजले तो रविवार

माया त्या वर्षी बुलढाण्याच्या मोठ्या शर्यतीत पळणार होती. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडे मीटर. माणूस एवढं कशाला पळतं हे मला तेव्हा समजलं नाही आणि आताही समजत नाही. पण तिनं ठरवलं होतं, साडेचार तासांत पुरं करायचं. त्यासाठी तिच्याकडे एक कागद होता. पेसिंगचा कागद म्हणायची ती. एक किलोमीटर सहा मिनिटं चोवीस सेकंदांत. पहिलाही तेवढ्यात आणि चाळिसावाही तेवढ्यातच. दहाव्याला एक तास चार मिनिटं झालेली पाहिजेत, तिसाव्याला तीन तास बारा. अंगात जोर असताना जास्त पळायचं नाही, राखून ठेवायचं.

"दम असताना कमी पळायचं?" मी विचारलं.

"हो बाबा. सगळं त्याच्यातच आहे."

हे मात्र मला पटलं. सकाळीच सगळा जोर लावून खडी टाकणारा गडी दुपारी झाडाखाली आडवा झालेला मी पुष्कळदा पाहिला. आणि रस्ता माझा, दगड माझ्या ओळखीचे. म्हणून रविवारी मी जुन्या मोपेडवर पुढं जायचो, सुमन मागं पाण्याची बाटली घेऊन बसायची. मायानं जिथून पळायला सुरुवात केली तिथून मी दगड मोजायचो. दगडाजवळ उभा राहून घड्याळात पाहायचो आणि ओरडायचो, "पंधरावा! एक तास छत्तीस!" मग सुमन ओरडायची, "खाली पाह्य वं, खड्डा आहे!" माझ्या रस्त्यावर खड्डा आहे हे ती मुद्दाम म्हणायची.

अशाच एका रविवारी अठराव्या दगडापाशी ती मोपेडवरून उतरली. निसटलेली चप्पल परत पायात जाईना. पाय फुगून घोट्याचं हाड दिसत नव्हतं. चार पावलं चालली आणि धाप लागली.

"उन्हानं झालं," ती म्हणाली.

ऊन कुठं होतं? सकाळचे आठही वाजले नव्हते.

चिखलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. शुगर तिला पुष्कळ वर्षांपासून होती, गोळी घ्यायची, कधी विसरायची. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या.

"जवळजवळ म्हणजे किती?" मी विचारलं. जन्मभर मोजायचं काम केलेला माणूस मी.

"शंभरातल्या सात-आठ."

"अन् औषधानं किती होतील?"

"होणार नाहीत. आता मशीन लावावं लागेल. डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, कायमचं."

कायमचं म्हणजे काय हे मला समजेना. रस्त्याच्या कामालाही मुदत असते. मी डॉक्टरांना तेच तेच विचारत राहिलो. माया भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुमननं फक्त एक विचारलं.

"डाक्टरसाहेब, पोरीची शर्यत आहे बुलढाण्याले. मले तिथं जाऊन बसाचं आहे. तवापर्यंत चालंन काय माहं?"

"मशीन चुकवू नका, पाणी मोजून प्या. का नाही चालणार?"

ती एवढ्यावर उठली. बाहेर येऊन मला म्हणाली, "चाला. किती वेळ तोंड असं धरून बसता?"

सात ते अकरा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते अकरा. पहिल्या जीपनं चिखलीला जायचं. आत नातेवाइकांना बसू देत नव्हते, दारातल्या काचेतून दिसायचं. सुई म्हणजे सुई नाही, पोती शिवायचा दाभण. एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं, दुसरीतून परत येतं. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. पुढं कितीतरी दिवस तीच पायरी माझी जागा होती.

सुमनला मात्र सवय झाली. मायाला म्हणायची, "तुले साडेचार तास लागतात, मले चारच. तुह्यापेक्षा माहा टाईम चांगला."

तिच्या शेजारच्या पलंगावर यशोदाबाई असायच्या. त्यांचा मुलगा रामदास आमच्या रस्त्यालाच लागून असलेल्या वावरात भाजीपाला करतो. पायरीवर तो माझ्या शेजारी बसायचा. पहाटे सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापून आलेला असायचा, हाताला वास यायचा. बायका आत पडल्या पडल्या गप्पा मारायच्या. आम्ही बाहेर गप्प.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. किडनी बंद पडली की लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं, पायात उतरतं, छातीत चढतं. ते मशीन काढतं. म्हणून आधी वजन करतात, नंतर वजन करतात. सगळं फालतू पाणी काढल्यावर जे वजन राहतं ते माणसाचं खरं वजन. सुमनचं बावन्न किलो. दोन मशीनच्या मधल्या दिवसांत त्याच्यावर दोन किलोपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. दिवसाला आठशे मिली पाणी, त्यातच चहा आला, त्यातच वरणाचं पाणी आलं.

पहिले पंधरा-वीस दिवस आम्हाला हे जमलं नाही. सकाळी तहान लागली की ती पिऊन घ्यायची. दुपारपर्यंत आठशे संपायचे. मग संध्याकाळी जीव कासावीस व्हायचा आणि माझी पाठ फिरली की ती माठाशी जायची. एका सोमवारी तिला श्वास घेता येईना. बसताही येईना, झोपताही येईना. जीप थांबवून तसंच नेलं. वजन साडेतीन किलो वाढलं होतं. त्यानंतर मला झोप लागेनाशी झाली. ती झोपली की मी तिची छाती वरखाली होते का ते पाहत बसायचो.

कागद

भिंतीवर मायाचा पेसिंगचा कागद लावलेला होता. एक दिवस त्याच्याकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात आलं की सुमनची चूक तीच आहे. सकाळीच सगळं पिऊन टाकते, शेवटाला काही उरत नाही. मी मायाच्या वहीतलं पान घेतलं, पट्टीनं रेघा मारल्या. सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा तास. आठशे भागिले सोळा. तासाला पन्नास मिली, म्हणजे आमच्या चहाचा अर्धा कप. प्रत्येक तासापुढं चौकोन. कप दिला की चौकोनात खूण. खाली एक ओळ, मशीनच्या दिवशी वजन किती वाढलं त्याची. कागद मायाच्या कागदाशेजारी भिंतीवर लावला.

सुमननं कागद पाहिला. "म्हंजे आता मी पळून राह्यले तर!"

"पळून नाही. बसून."

"अन् तुमी दगडापाशी उभे."

"हाव."

तिला हसू आलं, पण तिनं ऐकलं. पहिल्याच खेपेला वजन एक किलो नऊशे ग्रॅम वाढलं. मग एक चारशे. मग एक शंभर. सिस्टर म्हणाल्या, "छान ठेवलंय हो बाबा." त्या दिवशी मी आडवा झालो तो सकाळीच उठलो. कितीतरी दिवसांनी तसा झोपलो होतो.

काही गोष्टी खरंच कामाला आल्या. अर्ध्या कपाचा बर्फ करून चघळला की तेच पाणी जास्त वेळ पुरतं. शेजारच्या सुनेनं तिच्या फ्रिजमध्ये आमच्यासाठी बर्फाचा एक साचा वेगळा ठेवला, कधी मागावा लागला नाही. लिंबाची फोड ओठाला लावली की तहान मरते. भाजीत मीठ कमी. एवढं ज्याला करता येईल त्यानं करावं, डॉक्टरांना विचारून.

आता जे वाईट केलं ते सांगतो.

माया पळून आली की सांगायची, मागच्या रविवारपेक्षा दोन मिनिटं कमी. आणि आम्हाला आनंद व्हायचा. आकडा खाली आला म्हणजे चांगलं. माझ्या कागदावरचा आकडाही खाली येत होता. एक शंभर, मग नऊशे, मग सातशे. मला वाटलं हेही तसंच. जेवढं कमी तेवढी ती बरी. दोन किलोपर्यंत चालतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते मला नापास होण्याची हद्द वाटली. हद्दीपासून जेवढं लांब तेवढं चांगलं.

मी कप अर्ध्याच्या खाली भरायला लागलो.

"हा अर्धा हाय काय?" एक दिवस तिनं कप डोळ्यासमोर धरून विचारलं.

"अर्धाच हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि प्याली. हे मी मायालाही आत्ता वहीतच सांगतो आहे.

मायाशी भांडण झालं ते जेवणावरून. सुमननं वरण मागितलं, मी वरचं पाणी काढून घट्ट तेवढं दिलं. माया ताट सोडून उठली.

"बाबा, माझा कागद पळायचा आहे. आई काय शर्यतीत आहे का?"

"मंग कायच्यात हाय?"

"आजारी आहे ती! डॉक्टरांनी आठशे सांगितलं तर आठशे द्या ना."

"तुले आपल्या पायाचं पाह्य. घरचं मी पाह्यतो."

सुमन म्हणाली, "भांडू नका वं दोघं. मले घट्टच आवडते." तिला घट्ट वरण कधीच आवडलं नाही. चाळीस वर्षं मी तिला वरण ओरपताना पाहिलं.

मशीनवर तिच्या पायात गोळे यायला लागले. पिंढरी दगडासारखी व्हायची, ती ओरडायची ते पायरीवर ऐकू यायचं. मायालाही लांब पळाल्यावर गोळे यायचे. मी म्हणालो, होत असेल तसं. एकदा सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "बाबा, इतकं कडक नका राहू." मला ते कौतुक वाटलं. मी हसलो.

रामदासनं एक दिवस विचारलं, "काका, तुमच्या घरच्यांचं एवढं कमी कसं काय राह्यते? आमची माय तर तीन-तीन किलो आणते."

मी त्याला तसाच कागद करून दिला. माझ्या हातानं रेघा मारून, वर यशोदाबाईंचं नाव घालून. अर्धा कप म्हणजे किती तेही दाखवलं. अर्ध्याच्या खालचा.

बुलढाण्याचा रविवार

शर्यतीचा दिवस आला आणि सुमन तिथं पोहोचली. एवढं खरं. शनिवारी मशीन झालं होतं, डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं. गाडीत ती खिडकीपाशी बसली, हिरवं लुगडं नेसून.

माया साडेपाचला निघाली. आम्ही अडतिसाव्या किलोमीटरला झाडाखाली जागा धरली. तिथं पाण्याचं टेबल होतं. पोरीबाळी कागदी गिलास भरून ठेवत होत्या, पळणारे उचलत होते, अर्धं पीत होते, अर्धं डोक्यावर ओतून गिलास रस्त्यावर फेकत होते. सुमन त्या टेबलापासून दोन हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. एवढं पाणी सांडताना ती पाहत होती. मी कागद पाहत होतो. मायाच्या कागदाप्रमाणे अडतिसाव्याला चार तास तीन मिनिटं, म्हणजे नऊ तेहेतीस.

नऊ तेहेतीस झाले, ती आली नाही. नऊ चाळीस झाले. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन पाहत होतो. मागं वळलो तर सुमनच्या हातात गिलास. टेबलावरच्या एका बाईनं दिला होता. तोंडाशी नेलेला.

मी धावत जाऊन ओढला. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

"नवाचा कप झाला तुहा! दहा वाजाचे आहेत अजून!"

टेबलावरची बाई म्हणाली, "अहो काका, पाणीच आहे, पिऊ द्या की."

"तुमाले नाही समजत त्यातलं."

लोक पाहत होते. सुमनचा हात ओला झाला होता. तो तिनं ओठावरून फिरवला आणि पदरात घेतला. मी पाहिलं ते. पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे वळलो.

नऊ बावन्नला माया आली. पळत नव्हती, एक पाय ओढत चालत होती. नंतर कळलं, सुरुवातीला ढोल वाजत होते, सगळे जोरात सुटले, तीही सुटली. पहिले दहा सत्तावन्न मिनिटांत केले, सात मिनिटं आधी. चौतिसाव्यानंतर पिंढऱ्यांनी जागीच धरलं. ती आईसमोर उभी राहिली आणि लागोपाठ दोन गिलास प्याली.

"पे," सुमन म्हणाली. "पे, अजून एक घे."

"आई, टाईम गेला माझा."

"टाईमले काय करतं? जाय, थोडंच राह्यलं. आमी इथंच हावो."

माया पाच तास आठ मिनिटांत पोहोचली. गळ्यात पदक घालून लंगडत परत आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सुमननं पदक हातात तोललं.

"लय जड हाय वं हे. मंगळवारी काट्यावर हेच घालून उभी राह्यते. वजन तरी भरंन."

मी हसलो. मला वाटलं ती गंमत करते आहे.

मंगळवार

काट्यावर तिचं वजन भरलं नाही. बावन्नच्या खाली तीनशे ग्रॅम. सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, आज पाणी काढायचं नाही, नुसतं रक्त साफ करायचं, मशीन हळू ठेवा. मी पायरीवर जाऊन बसलो. आठ वाजून काही मिनिटं झाली असतील, आत धावपळ झाली. काचेला आतून पडदा लावला. रामदास उठून उभा राहिला, मी बसूनच होतो.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा घाम गळत होता. हृदय थांबलं म्हणाले. पुष्कळ प्रयत्न केला.

"पान्यानं झालं काय?" मी विचारलं.

"नाही बाबा. इतक्या वर्षांची शुगर, हृदय कमजोर होतं. कधीही होऊ शकत होतं."

"पानी कमी दिलं म्हनून?"

"असं म्हणता येणार नाही."

मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं म्हणता येणार नाही म्हणजे नाही, की हो, की माहीत नाही? मी अजून विचार करतो. सिस्टर रडत होत्या. म्हणाल्या, मागच्या तिन्ही खेपांना बीपी खाली जात होतं, अंगात पाणी राहतच नव्हतं.

संध्याकाळी सगळी भावकी जमली. त्रिशरण-पंचशील झालं. अग्नी दिला. लोक बोलत होते, मी मान हलवत होतो. घरी आल्यावर भिंतीकडे पाहिलं. माया पळायच्या सुरुवातीलाच खर्च करून बसली आणि उशिरा का होईना पोहोचली. सुमनचं मी सगळं राखून ठेवलं आणि ती राखलेलं तसंच टाकून गेली. आता कोणाचं बरोबर? माया म्हणते, बाबा, या दोन गोष्टी एक नाहीत, एकत्र लावू नका. बरोबर असेल तिचं. पण मला दोन्ही कागद एकाच भिंतीवर दिसत होते.

तेव्हाच मला आठवलं की तिसरा कागद रामदासच्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

उजाडल्यावर मी चप्पल घातली. घर पाहुण्यांनी भरलेलं. सुमनची बहीण दारात आडवी आली.

"काल मानूस गेलं अन् आज कुठं चालले तुमी, भाऊजी? लोकं काय म्हनतीन?"

"काम हाय."

"असं कायचं काम हाय?"

माया म्हणाली, "जाऊ द्या मावशी. मी येऊ का बाबा?" मी नको म्हणालो. तिला नीट चालताही येत नव्हतं.

मोपेड एका पाहुण्यानं नेली होती, जीप मिळाली नाही, पायीच गेलो. रामदास वावराच्या बांधावर सांबाराच्या जुड्या बांधत होता. मला पाहून हातातली जुडी सुटली. यशोदाबाई झोपडीच्या सावलीत खाटेवर होत्या. ओठांना साल आलेली. मी अगोदर कधी त्यांच्या ओठांकडे पाहिलं नव्हतं.

"तो कागद परत दे," मी रामदासला म्हणालो.

"काऊन काका? लय फरक पडला त्यानं. मायच्या पायाची सूज पार गेली."

"दे म्हनलं ना. चूक हाय त्याच्यात."

यशोदाबाई म्हणाल्या, "बसा, दादा. मले बोलू द्या." मी खाटेच्या कडेला बसलो. "तुमच्या बाईले सिस्टरनं सांगतलं होतं. पंधरा रोज झाले असतीन. आजी, तुमी जास्त प्या, कमी पडून राह्यलं. मी बाजूलेच होती. तर ती म्हने, आमच्या मानसाले नका सांगू. तो कागद लिहाले लागला तवापासून झोपते तो. पोरीची शर्यत होऊ द्या, मंग मीच सांगन त्याले."

सुमनला माहीत होतं. कप अर्धा नाही हेही माहीत असणार. तिच्या हातातून गिलास ओढला तेव्हाही माहीत होतं. मग बोलली का नाही? मी झोपावं म्हणून? माझी झोप एवढी कशाला महत्त्वाची? मी ते विचारणार तरी कोणाला?

रामदास खाली पाहत उभा होता. कागद त्यानं खिशातून काढला. सगळ्या चौकोनांत खुणा होत्या, एकही चुकलेला नाही. माझ्यासारखाच.

"तुह्यापाशी काटा हाय ना भाजीचा?" मी विचारलं.

आम्ही दोघांनी भाजीचा काटा सपाट जागी ठेवला, त्यावरची माती पुसली. यशोदाबाईंना धरून वर उभं केलं.

"मले काय मंडईत नेता काय रे?" त्या म्हणाल्या. "भाव तरी चांगला मांगजा."

एक्केचाळीस किलो शंभर ग्रॅम. रामदासनं सिस्टरला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, काल मशीन झाल्यावर एक्केचाळीस होतं, एक दिवसात फक्त शंभर ग्रॅम? डॉक्टरांनी सांगितलेलं आठशे पूर्ण द्या त्यांना. मनानं कमी करू नका आणि मनानं वाढवूही नका. मग थांबल्या आणि विचारलं, तिथं कोण आहे? रामदासनं माझं नाव सांगितलं. सिस्टरनी आठशेचा आकडा पुन्हा एकदा सांगितला.

मी कागद फाडला. रामदासनं माठातून गिलास भरून आणला. तो माझ्याकडे पाहायला लागला. सवय लागली होती त्याला.

"माह्याकडे कायले पाह्यतं बे? दे तिले."

यशोदाबाईंनी गिलास दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू प्यायला लागल्या. माझी नजर आपोआप मनगटाकडे गेली. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. ती कोणत्याच कपाची वेळ नव्हती. त्या पीत राहिल्या आणि मी तोंड बंद ठेवून तिथंच उभा राहिलो.